जाकिटाच्या गळ्याचं रबर

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी नेहमीप्रमाणे खोबरेल तेलाची वाटी घेऊन मी ओटीवर बसले, नवऱ्याच्या जाकिटाच्या गळ्याला बोट लावलं, आणि बोट आरपार गेलं. फाटताना काही आवाज तरी व्हावा, तोही नाही. पाघळलेल्या गुळासारखं ते रबर बोटाला चिकटून लांबलं आणि तुटलं.

ह्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कपडे वाटून झाले होते, चपला कुणीतरी नेल्या, चष्मा लेकीनं तिच्या कपाटात ठेवला. माझ्याकडे जाकीट राहिलं. रविवारी दुपारचा चहा झाला की त्याच्या गळ्याला आणि मनगटांना तेल चोळायचं, हे काम मी ह्यांच्या हयातीत नऊ वर्षं केलं आणि नंतरही सोडलं नाही. गळ्याचं रबर म्हणजे जिथे ह्यांची मान टेकायची ती जागा. तीच माझ्या हातात तुटली होती.

लेक आतून आली. बघून म्हणाली, "आई, ते गेलंय आता. राहू दे. मी नवीन मागवते."

"तुझ्यासाठी मागव. हे दुरुस्त होईल."

"असं रबर दुरुस्त नाही होत गं."

"मला शिकवू नकोस. नऊ वर्षं नव्यासारखं कुणी ठेवलं?"

ती काहीतरी बोलणार होती, ते तिनं गिळलं. मला वाटलं, निरुत्तर झाली. एकोणतीस वर्षं अंगणवाडीत काढल्यामुळे समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो, अशी माझी समजूत आहे.

हे जाकीट घरात आलं कसं, ते आधी सांगते. ह्यांचा जन्म दिघीचा, आणि निम्मं आयुष्य दिघी ते आगरदांडा जाणाऱ्या फेरीबोटीवर दोर टाकण्यात आणि दोर सोडवण्यात गेलं. पन्नाशीला आल्यावर नोकरी सोडली आणि प्लास्टिकच्या दोन कयाक घेतल्या. शहरातली माणसं शनिवार-रविवार यायची, त्यांना खाडीत, खारफुटीच्या आतल्या वाटांनी फिरवून आणायचं. मी म्हटलं, म्हातारपणी हे काय खूळ? पण धंदा बरा चालला. अडचण एकच होती. कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्यातच बसतो, आणि वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी हातावरून थेट बगलेत आणि छातीवर येतं. ह्यांना फेरीबोटीच्या दिवसांपासून छातीचा त्रास होता. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, काय करायचं ते करा, पण छाती भिजू देऊ नका.

मग एका गिऱ्हाइकानं परदेशी जाताना आपलं जाकीट ह्यांना दिलं. कापड असं की बाहेरून बादली ओतली तरी आत थेंब नाही. पण खरी करामत कापडाची नव्हती. गळ्याला आणि दोन्ही मनगटांना मऊ रबराची पट्टी होती, कातडीला घट्ट चिकटून बसणारी. ती आहे तोवर जाकीट, नाहीतर साधा रेनकोट.

मी तळा गावची. डोंगराच्या कुशीतली. माहेरी पाणी पाहिलं ते विहिरीत आणि भाताच्या खाचरात. लग्न होऊन खाडीकाठी आले तरी पाण्याची भीती गेली नाही. ह्यांनी मला कयाकमध्ये बसायला दोनदा विचारलं. एकदा कयाक नवीन असताना, आणि एकदा लेकीच्या पदवीच्या निकालादिवशी. दोन्ही वेळा मी म्हटलं, मला मेलीला जगायचंय अजून. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

तेलाचं मला सासूबाईंनी शिकवलं होतं. त्यांच्या काळात घरची लहानशी लाकडी होडी होती. पावसाळा सरला की तिला माशाचं तेल, आणि वल्ह्याच्या मुठींना घरचं खोबरेल. पुरुष होडी ओढून आणत, पण तेल लावायला सासूबाईच बसत. मला शेजारी बसवून म्हणाल्या होत्या, "पान्यात जानारी वस्तू सुकी ठेवू नको गं. घरच्या बायचा हात लागला ना, की ती मानसाला परत आनते." पुढे होडी विकली, सासूबाई गेल्या, प्लास्टिकच्या कयाकला कसलं तेल लावणार? मग जाकीट आलं. दोन-तीन महिन्यांत त्याचं रबर मला जरा रुक्ष वाटायला लागलं. मी वाटीत तेल घेतलं आणि बसले.

हे जेटीवरून आले तेव्हा मी तेच करत होते. उंबऱ्याशी थांबून ह्यांनी विचारलं, "काय करतेस?"

"तेल लावते. आईंनी सांगितलंय, पाण्यात जाणारी वस्तू कोरडी ठेवू नये."

हे बराच वेळ माझ्या हातांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बरं. लाव."

तेव्हापासून रविवारचं तेल सुरू झालं. आणि खरं सांगते, मी त्या रबराचा फार मोठेपणा मिरवला. दर वर्षी दिवाळी झाली की बघावं तर रबर अगदी कालच बसवल्यासारखं ताठ आणि गुळगुळीत. हे स्वतः म्हणायचे, "तुझ्या तेलाची कमाल हाय." मी फुगायची. एका वर्षी काळं रबर अचानक राखाडी दिसायला लागलं. मी विचारलं, हा रंग कसा बदलला? हे म्हणाले, "तेलानं काळेपणा उतरला." आणि मी, आख्ख्या गावाच्या पोरांना रंग शिकवलेली बाई, मान डोलावून मोकळी झाले. पुण्याचं एक जोडपं स्वतःची तसली जाकिटं घेऊन यायचं. त्यांच्या गळ्याचं रबर चिरलेलं पाहून मी त्यांना उपदेश केला, वर घरच्या तेलाची एक बाटली बांधून दिली. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते पुन्हा आले नाहीत, तेव्हा मला वाटलं, बदली झाली असेल.

ह्यांना एक नाद होता, पावडरीचा. टाल्कमचा डबा रोज पिशवीत घालून जेटीवर न्यायचे. मी चिडवायची, "खारफुटीत कोण बसलंय तुम्हाला बघायला?" हे शांतपणे म्हणायचे, "खेकडे हायत की."

दुसरं एक होतं, त्यावर मात्र मी खरंच ओरडायची. पावसाळ्याच्या शेवटाला, नवरात्राच्या आसपास, हे घरी यायचे तेव्हा जाकिटाच्या आतली गंजी छातीपाशी ओली असायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जाकीट असून भिजता कसे? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" हे म्हणायचे, "घाम हाय." मग रात्रभर खोकायचे. मी आल्याचा काढा करून द्यायची आणि देतानाही बोलायची.

हे पाण्यात गेले नाहीत. मी जन्मभर पाण्याला घाबरले आणि हे अंगणातल्या खुर्चीवर सकाळचा चहा पिता पिता गेले. कपही खाली पडला नाही, मांडीतच राहिला. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. त्या दिवसापासून मला कुणी काही समजवायला आलं की मी त्याच्यावर खेकसते, हे मला कळतं. पण रविवारी ते जाकीट मांडीवर घेतलं की तासभर मी बरी असायची.

म्हणून मी हट्टाला पेटले. लेक शेवटी म्हणाली, "दुरुस्तच करायचं तर मुरूडला चाचा आहेत, बाबा जायचे त्यांच्याकडे. पण मी येते बरोबर."

"तुला कयाकची गिऱ्हाइकं आहेत. मी जाईन."

"आई, मी येते ना."

"मी काय कुकुल्लं बाळ आहे?"

फेरीबोटीत एकटीनं बसायची माझी ती पहिलीच वेळ. बोटीवरच्या लोकांनी मला ओळखलं, एकानं पेटीवर जागा करून दिली. मी पिशवी पोटाशी धरून, खाली न बघता, समोरच्या डोंगराकडे नजर लावून बसले. ह्यांनी इथेच कुठेतरी उभं राहून हजारो वेळा दोर टाकला असेल, हे मनात आलं आणि मग डोंगरही नीट दिसेना. आगरदांड्याला उतरून रिक्षानं मुरूड गाठलं.

चाचांचं दुकान म्हणजे घराची पडवी. चाचा सत्तरीचे. आखातात जहाजांच्या यार्डात वीस-बावीस वर्षं हेच काम केलेलं, पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांचे सूट आणि हवा भरायच्या रबरी होड्या सांधायचं. आता परत येऊन गमबूट, रेनकोट, लाईफ जॅकेट, जे येईल ते करतात. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभे राहिले.

"वहिनी, बसा. भाऊंचं कळलं मला. अल्लाची मर्जी. फार नेक माणूस."

मी जाकीट काढून दिलं. त्यांनी गळा उलटा केला, अंगठ्यानं दाबून पाहिला, नाकाशी नेला. म्हणाले, "हां. बरोबर आहे. गेल्या वर्षी बदललंच नाही ना हे. भाऊच नाहीत, कोण बदलणार?"

"काय बदललं नाही?"

"रबर. दर दिवाळीला..." एवढं बोलून ते थांबले. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. जाकीट घडी करायला लागले. "काही नाही वहिनी. करतो मी. चहा घेणार?"

मी अंगणवाडीतला आवाज काढला. "चाचा, मला सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. तेल म्हणजे अशा रबराला विष. वर्षभरात ते मऊ पडतं, चिकट होतं, सैल पडतं, आणि मग फाटतं. जाकीट आल्यावर पहिल्याच वर्षी हे तसलं सडलेलं रबर घेऊन आले होते. चाचांनी पुतण्याकडून आखातातून नवीन मागवून बसवलं आणि बजावलं, घरात सांगा, तेल बंद करा.

"तर भाऊ म्हणाले, तेल बंद न्हाय होयाचं. तुम्ही रबर बदला. मी म्हटलं, अरे भाऊ, एक शब्द बोलायला काय तकलीफ आहे? तर म्हणाले..." चाचा जाकिटाची घडी पुन्हा उलगडायला लागले. "म्हणाले, ती पाण्याला भिते. मी पाण्यात असतो तवा तिच्या हातात हे एवढंच काम हाय. ते कसं काढून घेऊ?"

 खाली शहाबादी फरशी होती, तिची एक कड तुटलेली होती, तिच्याकडे बघत राहिले.

"तोवर मग ते जेटीवर जाऊन साबणानं तेल धुवायचे आणि पावडर लावायचे. रबराला पावडरच लागते. तरी किती धुणार? मुरायचंच."

"म्हणजे पाणी शिरायचं आत."

"बदलायच्या आधी महिनाभर..." चाचांनी हात हलवला. "थोडं शिरत असेल, वहिनी. थोडं."

घाम हाय. नऊ वर्षं मी त्या माणसाला भिजवलं आणि वर भिजल्याबद्दल बोलले. डॉक्टरांनी छाती सांभाळायला सांगितली होती, आणि मी दर रविवारी वाटी घेऊन बसून त्याच छातीवर पाणी सोडत होते. हृदय त्यानं थांबलं नाही, हे मला डॉक्टरांनी समजावलंय, नंतर पुन्हाही विचारून आलेय. पण त्या खोकल्याच्या रात्री कुणाच्या? त्या माझ्याच. एकदा तरी चिडायचं होतं हो. एकदा तरी वाटी उचलून अंगणात फेकायची होती. मी चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी बोलले असते.

चाचा कामाला लागले. रबर सांधता येणार नव्हतंच, जुनं पूर्ण काढूनच टाकायचं होतं. मी म्हटलं, काढा. त्यांनी इस्त्री लांबून धरून सांधा गरम केला आणि ती पट्टी ओढत ओढत सोडवली. कापडाची कड पॉलिश पेपरनं घासली. एका पातेल्यावर गळा ताणून बसवला, सोल्युशनचा हात फिरवला, वाळू दिला, पुन्हा फिरवला. मग नवीन रबर काढलं. ते नरसाळ्यासारखं वर निमुळतं होत गेलेलं होतं. ज्याच्या त्याच्या मानेप्रमाणे वरची कड कापावी लागते. पंक्चरच्या दुकानात येतो तसा वास पडवीभर पसरला. मनगटांच्या पट्ट्याही तशाच नव्या बसवल्या. रबर बसवून, दाबून, चाचांनी कात्री हातात घेतली आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर खिळ्याला कॅलेंडरच्या जुन्या कागदाची एक पट्टी अडकवलेली होती.

"भाऊंच्या मानेचं माप. ठेवलेलं आहे." मग विचारलं, "त्याच मापानं कापू?"

मी हो म्हणाले. ताबडतोब म्हणाले. ह्यासाठीच तर आले होते.

चाचांनी कात्री लावली नाही. "वहिनी, घालणार कोण आहे?"

"कुणी नाही. माझ्याजवळ राहील."

"लेक कयाक चालवते ना आता? भाऊंच्या मापानं कापलं तर तिच्या गळ्याला सैल होईल. पाणी शिरेल. आणि एकदा मोठं कापलं की लहान नाही करता येत."

त्या कागदाच्या पट्टीकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. ती कुणाच्या तरी हातानं ह्यांच्या मानेभोवती फिरवली गेली होती. मला नुसती ती पट्टी मागून घेऊन घरी जावंसं वाटलं. पण लेक रोज खाडीत जात होती, साधा रेनकोट घालून. आणि मी अजून एका माणसाला भिजवू शकत नव्हते.

"लेकीच्या मापानं कापा," मी म्हटलं. "तिची मान माझ्याएवढीच आहे."

"मग तुम्हालाच घालून बघावं लागेल."

चाचांनी थोडी थोडी कड कापत आणली आणि जाकीट माझ्या हातात देऊन ते पाठ करून उभे राहिले. मी पदर खोचला, बाह्यांत हात घातले आणि डोकं आत घातलं. गळा घट्ट होता, डोकं मधेच अडकलं. आत अंधार. आणि आत हे होते. टाल्कमचा वास, खाडीच्या चिखलाचा, आणि सगळ्यांवर माझ्या खोबरेलाचा. ज्याच्याबरोबर लग्नाची अठ्ठावीस वर्षं काढली तो माणूस मला तिथे अख्खा सापडला आणि मला बाहेर यायचं नव्हतं. जाकिटात डोकं घालून त्या पडवीत मी उभ्या उभ्या रडले. चाचांनी वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हळू ओढा वहिनी, येईल बाहेर."

आलं बाहेर. रबर मानेला नीट बसलं. चाचांनी एक बोट आत घालून पाहिलं आणि मान हलवली. निघताना जुनं रबर मी कागदात बांधून घेतलं, आणि भिंतीवरची पट्टीही.

घरी मी काहीच सांगितलं नाही. लेकीनंही विचारलं नाही, नुसतं जाकीट उलटसुलट करून पाहिलं. रविवारी चहा झाल्यावर तिनं आपणहून तेलाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. शेजारी जाकीट ठेवलं.

"लाव ना आई," ती म्हणाली. "मी आहे ना."

ते 'मी आहे ना' ऐकलं आणि मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. बापानं शपथ घातली असणार. आणि आता दर दिवाळीला ही मुरूडला जाणार, माझ्या पाठीमागे. बापलेक दोघंही सारखेच.

मी वाटीतलं तेल बाटलीत परत ओतलं. म्हटलं, "बाबांचा पावडरचा डबा आण."

ती हललीच नाही आधी. मग डबा आणून दिला. तळाशी थोडी पावडर होती. हातावर घेतली आणि गळ्याला, मनगटांना चोळली, तेल चोळायची तशीच, आतून आणि बाहेरून. बोटं कोरडी राहिली. सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक परतायच्या वेळी मी पहिल्यांदाच जेटीच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरले. ती कयाक ओढून वर आली तशी मी तिच्या जाकिटाचा गळा ताणला आणि हात आत घातला. छातीवर, बनियनवर, बगलेत, सगळीकडे फिरवून पाहिला. ती हसत म्हणाली, "आई, लोक बघतायत."

कोरडी होती. कुठेही एक थेंब नव्हता.

ह्यांच्या छातीवर असा हात मी कधी ठेवला नाही. नऊ वर्षं स्वयंपाकघरातूनच ओरडत राहिले. एकदा जरी उठून हात लावला असता, तर बोटांना खाडीचं गार पाणी लागलं असतं आणि मला कळलं असतं की तो घाम नव्हे.